ड्रमवाला नसताना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले पाच-सहा महिने मी कुठे गडप झाले होते असं दोघीतिघींनी विचारलं. तर मी घरातच होते. मागच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, ढोल बडवत होते! खरा ढोल नव्हे हो, कॉम्प्युटरवरचा. वयाच्या ७४ व्या वर्षी हे काय नवीन खूळ, असं तुम्ही म्हणाल. आमच्या वन्संही तेच म्हणाल्या.

झालं असं. मी वाईला शाळेत होते तेव्हा प्रभातफेरीसाठी आणि स्नेहसंमेलनासाठी म्हणून काही समूहगीतं रचली होती. सगळी मिळून नऊ. शब्द माझे, चाली पेटीवर चाचपडत बसवलेल्या. त्यात थोर असं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो, तेव्हा पुतणी (ती आमच्याच शाळेची) म्हणाली, "काकू, ती गाणी एकदा रेकॉर्ड करून ठेवा ना. आम्हाला ध्रुवपदापुढे एक ओळ आठवत नाही, आणि तुमच्यानंतर कोणाला आठवायची?" तुमच्यानंतर! पण बोलली ते खरंच होतं.

आता समूहगीत म्हटलं की ढोल-ड्रम हवा. ही गाणी तबल्यावर बसवलेली नव्हतीच. ती शाळेच्या बँडवर बसवलेली. एक मोठा ढोल, दोन साइड ड्रम, झांजा आणि एक बिगूल (तो वाजला तर वाजला). ऐकताना पाऊल आपोआप उचललं जावं, एवढीच त्या गाण्यांकडून अपेक्षा. नुसत्या पेटीवर म्हणून पाहिली तर काकड आरती चालली आहे असं वाटायला लागलं. आणि ड्रम वाजवणारा घरात कोण? सुनेला थोडं व्हायोलिन येतं, मुलाला काहीच येत नाही. "पण आपल्याकडे ड्रमवाला नाही" हे वाक्य मी त्या दिवाळीत पहिल्यांदा उच्चारलं आणि पुढे कितीतरी दिवस येईल-जाईल त्याला ऐकवत राहिले. त्या वाक्याकडे पुन्हा यायचं आहे, पण नंतर.

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आजी, त्यात काय एवढं? दहा मिनिटांत करून देतो." त्याने लॅपटॉपवर 'हायड्रोजन' नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते फुकट मिळतं. गाणं रेकॉर्ड करायला 'ऑडॅसिटी', तेही फुकटच. माझ्यासारख्यांना कळावं म्हणून सांगते, हायड्रोजन म्हणजे गणिताच्या चौकटीच्या वहीचं एक पान. डावीकडे एकाखाली एक वाद्यांची नावं, ढोल, साइड ड्रम, झांजा वगैरे. समोर आडव्या ओळीत घरं. चार मात्रांची सोळा घरं. ज्या घरात टिंब द्याल तिथे ते वाद्य वाजतं. नातवाने पहिल्या आणि नवव्या घरात ढोल दिला, पाचव्या आणि तेराव्यात साइड ड्रम, आणि एकाआड एक घरात झांज. खरोखर दहा मिनिटंही लागली नाहीत. ऐकायला झकास!

मग पंखा बंद करून, हेडफोन लावून मी त्यावर गायला बसले, आणि ध्रुवपद संपता संपता माझा दम उखडला. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा पुढची ओळ उचलायला मला उशीर झाला आणि मग गाणंभर मी त्या यंत्राच्या मागेमागे फरपटत गेले. नातू म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही, आपण जुळवून घेऊ." त्याने माझा आवाज शब्दाशब्दाला कापला आणि प्रत्येक तुकडा उचलून ज्या त्या घरात नेऊन ठेवला. बिचारा रात्री दीडपर्यंत बसला होता. सकाळी ऐकवलं. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही, आवाज माझाच, आणि मला ते ऐकवेना. रजेवर गेलेल्या बाईंच्या वर्गावर आपण हजेरी घेतो ना, तसं ते वाटत होतं. नावं सगळी बरोबर वाचतो, पण एक चेहरा ओळखीचा नसतो.

त्याला मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून या विषयावर माझं एक मत झालं आहे आणि ते मी आता इतके महिने खपल्यावर ठामपणे मांडू शकते.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल जे कोणी शिकवतात ते सगळे एकच क्रम सांगतात. आधी लय ठरवा, मग ड्रमचा ट्रॅक करा, मग त्यावर बाकीची वाद्यं, आणि सगळ्यात शेवटी गळा. स्टुडिओत तासाला पैसे मोजायचे असतील तर हा क्रम सोयीचा असेलही. पण घरी, एकट्याने, गाण्याच्या शब्दांसाठी गाणं करणाऱ्याने तो बरोबर उलटा करावा असं माझं म्हणणं आहे. आधी गळा. ढोल मागाहून.

का ते सांगते. आपल्याकडे तबलजी गायकाला काय करतो? 'साथ' करतो. ताल धरणं आणि साथ करणं ही आपल्या भाषेतच दोन वेगळी कामं आहेत. ताल यंत्र धरू शकतं, माणसापेक्षा पक्का धरतं. साथ करायची तर मात्र आधी समोरच्याचं ऐकावं लागतं. आणि गाणं व्हायच्या आधीच ढोलाचा ट्रॅक तयार करून ठेवला तर तो ऐकणार काय? मग साथ करायचं काम उलट गाणाऱ्याच्या गळ्यात पडतं. बाई यंत्राची साथ करतात, तीही दम लागेपर्यंत.

(रियाजाची गोष्ट निराळी. माझी धाकटी बहीण इलेक्ट्रॉनिक तबल्यावर रोज पहाटे तासभर बसते. त्या डबीचा गुणच हा की ती तुमच्यासाठी थांबत नाही. रियाजाला कडक मास्तर बरा. पण कार्यक्रमात शेजारी कडक मास्तर बसवून कोणी गातं का?)

आणि यंत्राशी माझं भांडण नाही, हेही सांगून ठेवते. अमेरिकेत रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं यंत्र १९८० साली आणलं, त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचं ८०८ आलं. ते ८०८ आपल्या मुंबईत चरणजीत सिंग या वादकाने १९८२ साली वापरलं आणि रागांची एक अख्खी तबकडी केली. नातवाने मला ती ऐकवली. तिथे यंत्र यंत्रासारखंच वाजतं आणि त्यातच तिची गंमत आहे. पण प्रभातफेरीचं गाणं म्हणजे भिजलेल्या रस्त्यावरून चालणारी दीडशे मुलं. तिथे ते चालत नाही, अगदी शब्दशः चालत नाही.

तर मग काय केलं? ट्रंकेतून कॅसेट काढली. १५ ऑगस्ट १९९१ ची प्रभातफेरी. आमचे चित्रकलेचे सर हौशी, ते खांद्याला टू-इन-वन अडकवून फेरीबरोबर शाळेपासून ढोल्या गणपतीच्या घाटापर्यंत आणि परत चालले होते. फीत चिकटली नव्हती हे नशीब. त्यात मुलांच्या आवाजापेक्षा चपलांचा आवाज जास्त, मध्येच एक सायकलची घंटी, पण साइड ड्रम मात्र स्वच्छ ऐकू येतो. तो वाजवणारा तेव्हा नववीत होता. त्याच्या घरची बॅन्जो पार्टी होती, त्यामुळे हात तयार. 

मी ती कॅसेट लॅपटॉपमध्ये घेतली आणि मोजायला बसले. हायड्रोजन उघडलं की लय मिनिटाला १२० मात्रा अशी लावलेलीच येते. नातवाने ती तशीच ठेवली होती. लष्कराच्या कवायतीत जलद चाल मिनिटाला १२० पावलांची असते. आमच्या पाचवी-सहावीच्या मुलांचे पाय सैनिकांचे थोडेच? कॅसेटवर गाणं सुरू होतं तेव्हा लय १०४ निघाली. आणि शेवटच्या कडव्याला ११२! म्हणजे पोरगा पळत होता. मला आठवलं, मी त्याला दर फेरीनंतर त्याबद्दल बोलायचे. "पळू नकोस रे, तुझ्या मागे लहान मुलं आहेत." आणि आता ऐकताना वाटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत फेरी परतीच्या वाटेला लागलेली असायची, शाळेचं फाटक दिसायला लागायचं, खाऊ वाटायचा असायचा. सगळेच पळत होते. गाण्याला चढ आला तो त्यानेच. माझ्या चालीत तो नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. ध्रुवपदाच्या शेवटी चार मात्रा आहेत, असं मी आयुष्यभर समजत होते. तसंच बसवलं होतं. कॅसेटवर तिथे सहा आहेत. प्रत्येक वेळी. पोरगा दोन मात्रा नुसता ढोलावर थांबून राहतो आणि मग पुढचं उचलतो. माझा दम नेमका तिथेच उखडत होता! माझ्या गळ्याला ते सहाचं माप अजून ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं.

या दोन मात्रा आल्या कुठून? मी माझ्या परीने गणित मांडलं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दीडशे मुलांची फेरी, दोनदोनच्या रांगा, म्हणजे पुढच्या ड्रमपासून शेपटापर्यंत ६० मीटर तरी सहज. पुढचा ठोका शेपटाला पोचायला ०.१८ सेकंद लागणार. १०४ च्या लयीत एक मात्रा ०.५८ सेकंदांची, म्हणजे मागची मुलं मात्रेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने मागे पडलेली. मग शेपूट गाठेपर्यंत पुढच्याने थांबायला नको? मला माझाच अभिमान वाटला. विज्ञानाच्या बाई असते तर वर्गात हा धडा घेतला असता. (याच हिशेबाने एक सूचना. घरी रेकॉर्ड करताना ब्लूटूथचे हेडफोन वापरू नका. त्यातून आवाज कानात यायला सेकंदाच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे तुम्ही खोलीत एकटे बसून फेरीच्या शेपटाला उभे! वायरचे साधे हेडफोन घ्या.)

मग मी गाणी पुन्हा गायले. यंत्र बंद, पेटीवर नुसता सूर, आणि उजवा पाय जमिनीवर हळू आपटत. जिथे श्वास हवा तिथे घेतला. नंतर ऑडॅसिटीत प्रत्येक चार मात्रांच्या सुरुवातीला एकेक खूण केली. दोन खुणांमधले सेकंद वहीत लिहायचे आणि २४० ला त्याने भागायचं (चार मात्रा गुणिले साठ सेकंद), की तेवढ्या तुकड्याची लय हातात येते. २.३ सेकंद आले तर साधारण १०४. हायड्रोजनमध्ये वरच्या बाजूला एक टाइमलाइन असते, तिच्यावर तुकड्यागणिक लय बदलता येते. तिथे ते आकडे भरले. ध्रुवपदाच्या शेवटच्या तुकड्याची लांबी चारऐवजी सहा मात्रा केली. एका गाण्याला ४८ तुकडे, नऊ गाणी... वही भरली माझी! नातू म्हणतो हे आपोआप करणारी सॉफ्टवेअर आहेत. असतील. आता तर नुसतं सांगितलं की अख्खं गाणंच तयार करून देणारी यंत्रं आली आहेत. पण हाताने भागाकार केल्यामुळे मी कुठे रेंगाळते, कुठल्या शब्दावर घाई करते हे मला पहिल्यांदाच समजलं. चाळीस वर्षं गातेय, कोणी सांगितलं नव्हतं.

टिंबं भरताना मी आणखी एक नियम पाळला, तो कोणालाही उपयोगी पडेल. वाजवणाऱ्याला हात दोनच असतात. आधी मला साइड ड्रम, झांज, घंटा, खुळखुळा सगळं एकाच घरात भरायचा मोह झाला, कारण टिंबं फुकट आहेत! मग ऐकलं की भांड्यांचं कपाट पडल्यासारखं वाटायचं. डोळ्यांपुढे माणूस आणायचा. त्याचा उजवा हात आत्ता इथे आहे, मग तिथली झांज कोण वाजवतंय? दुसरा वाजवणारा असेल तर त्यालाही चेहरा द्या. आणि साइड ड्रमवर काड्यांची सलग घुमवणी असते ना, ती टिंबं सारखी भरून वाजवली तर शिलाई मशीन चालू झाल्यासारखी वाटते. कारण प्रत्येक टिंबाचा जोर सारखा. माणसाची डावी काडी उजवीपेक्षा हलकी पडते. एकाआड एक टिंबाचा जोर कमी केला, सुरुवात बारीक ठेवून शेवटाला वाढवली, तेव्हा जरा माणसात आली.

हायड्रोजनमध्ये यावर एक तयार उपाय आहे. बटणं फिरवली की ठोके आपलेआप थोडे मागेपुढे, थोडे लहानमोठे होतात. म्हणजे यंत्र मुद्दाम चुका करतं, माणसासारखं वाटावं म्हणून. माझं याच्याशी अजिबात जमलं नाही. मी ३६ वर्षं पेपर तपासले. माणसाच्या चुका अशा सोंगट्या फेकल्यासारख्या कुठेही पडत नाहीत हो! जो मुलगा 'आणि'चा 'णि' दीर्घ लिहितो तो दर वेळी दीर्घच लिहितो, त्याच्या घरी तसाच उच्चार असतो. आमचा पोरगा पळायचा तो शेवटच्या कडव्यात पळायचा, पहिल्या कडव्यात कधीच नाही. चुकीला कारण असतं. कारण न शोधता नुसती चूक शिंपडली तर ते सोंग होतं. ती बटणं मी शून्यावर ठेवली आहेत.

माझ्या 'आधी गळा'मध्ये एक अडचण आहे, ती लपवत नाही. पुतणी सांगलीला, एक भाची भोपाळला, दोघींनी आपापल्या घरी गाऊन पाठवायचं ठरलं. प्रत्येकीचा गळा आपल्या चालीने चालला तर जुळणार कसं? नातू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. शेवटी असं केलं की त्यांना ढोलाचा ट्रॅक न पाठवता माझं गाणंच पाठवलं, सुरुवातीला चार टाळ्या देऊन. शाळेत बाई पुढे म्हणतात आणि वर्ग मागे म्हणतो, तसं. भोपाळची जरा मागे राहते, पण समूहगीत आहे, कोणीतरी मागे राहायचंच. आणि पुढचा धडा सगळ्यांना मोबाइलवर ऐकवल्यावर मिळाला. माझा मोठा ढोल कोणालाच ऐकू आला नाही! मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचा घुमारा जवळजवळ येतच नाही. मग ढोलाच्या प्रत्येक ठोक्यावर लाकडावर काठी आपटल्यासारखा एक कोरडा आवाज बेताने मिसळला. आता घुमारा येत नाही, पण ठोका पडल्याचं कळतं.

असं करत सात गाणी झाली. आठव्याला अडले. त्यात शेवटच्या कडव्याआधी साइड ड्रमचा एक तुकडा होता, तो कॅसेटवर नेमका गाडीच्या हॉर्नखाली गेला आहे. पुतणीला फोनवर रडगाणं सांगत होते. ती म्हणाली, "काकू, त्यालाच विचारा ना. नंबर आहे की तुमच्याकडे."

नंबर होता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यानेच माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. दिवाळीपासून मी "आमच्याकडे ड्रमवाला नाही" म्हणत होते, तेव्हाही तो नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी स्वतःला कारणं सांगितली होती. तो वाईत, मी आता पुण्यात. फुकट ये कसं म्हणायचं, पैसे द्यायचे तर किती, आणि विद्यार्थ्याला पैसे विचारायचे कसे. खरं कारण दुसरंच आहे. जून १९९२ मध्ये तो दहावीत गेला आणि मी त्याला बँडमधून काढलं. दहावीचं वर्ष, आता अभ्यास एके अभ्यास, असं म्हणून मी स्वतः त्याच्या गळ्यातला पट्टा उतरवून घेतला. तो काही बोलला नाही. ड्रम दुसऱ्या मुलाला दिला. आणि हा नापास व्हायचा तो झालाच. तेव्हा वाटायचं, काढला नसता तर आणखी वाईट मार्क पडले असते. आता असं वाटतं की शाळेत यायचं त्याला एकच कारण होतं. मेळाव्यात तो पाया पडला तेव्हाही मी त्याला दुकान कसं चाललंय एवढंच विचारलं.

हिंदी चित्रपटसंगीतात दत्ताराम यांच्या नावाचा ठेका आहे. ढोलकीवरचा एक ठेका, आणि त्याला माणसाच्या नावाने ओळखतात! गोव्याचे कितीतरी ड्रमवादक मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आयुष्यभर वाजवत राहिले, लेस्ली गोदिन्हो यांच्यासारख्या मोजक्यांची नावं जाणकारांना माहीत आहेत, बाकीचे कोण कुठले कोणाला ठाऊक नाही. मी माझ्या सात गाण्यांखाली काय लिहिणार होते? 'संगीत संयोजन: हायड्रोजन'?

फोन केला. "बाई, बोला!" जणू काल संध्याकाळीच शाळा सुटली. मी एक गाणं पाठवलं. दोन तास उत्तर नाही. मग त्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, चांगलं झालंय. पण ढोल कुणाचा लावलाय? आपला ढोल एवढा चांगला नव्हता." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाला, "पंधरा ऑगस्टला पाऊस असायचा ना. चामडं सैल पडून भद्द भद्द वाजायचं. म्हणून तर मी साइड ड्रमवर जोर काढायचो. सव्वीस जानेवारीला बघा, ढोल कसा कडक लागायचा." खरंच की! एकाच गाण्याचे दोन आवाज होते, पावसाळी आणि हिवाळी, आणि मी कोरड्या हवेतला कुठला तरी परदेशी ढोल लावून बसले होते.

मग मी त्याला माझा शोध ऐकवला. दोन मात्रा, ३४० मीटर, ०.१८ सेकंद वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "असेल बाई. पण मी थांबायचो ते तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही शेवटी असायचा ना, लहान मुलांबरोबर. मी मागं वळून बघायचो. तुम्ही हात वर केला की मग पुढचं उचलायचो. तुम्हीच सांगितलं होतं तसं, पहिल्या दिवशी."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी शेवटी असायचे हे आठवतं. हात वर करायचे हे आठवत नाही. वहीतला तो सुंदर हिशेब मी अजून खोडलेला नाही, तोही खोटा नसेल. पण दर वेळी नेमक्या दोनच मात्रा का, हे त्या हिशेबातून निघत नव्हतंच.

बॅन्जो पार्टी २०१५ मध्येच बंद झाली, असं तो म्हणाला. ऑक्टोपॅड विकला. लोकांना आता ट्रॅक लावून नाचायला आवडतं, पाच माणसांचे पैसे कोण देणार? हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मीच ऐकताना जरा चुळबुळले, कारण माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि पडद्यावर टिंबं होती. मग मी विचारलं, दोन गाणी राहिलीत, वाजवशील का? हातात काही घेऊन वर्षं झाली म्हणाला. ड्रम नाही, काड्या आहेत, पोराने कुठेतरी टाकल्या असतील त्या शोधतो. पैशांचं विचारलं तर म्हणाला, "एस.टी.चं भाडं द्या." ते मी ऐकणार नाही, आणि त्यावर आमचं भांडण होणार हे मला दिसतंच आहे.

तो येत्या गुरुवारी येतोय, त्याचं दुकान गुरुवारी बंद असतं. साइड ड्रम सुनेने कोणाच्या तरी सोसायटीच्या पथकातून मिळवायचं कबूल केलं आहे. नाही मिळाला तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची आहे, तिची पाठ बरी वाजते, मी ठोकून पाहिली. मी गायचं आणि त्याने समोर बसून वाजवायचं, एकदमच रेकॉर्ड करायचं, क्लिक नाही, हेडफोन नाही. नातू म्हणतोय की आवाज एकमेकांत मिसळतील आणि मग काही दुरुस्त करता येणार नाही. नाही आला करता तर नाही. आधीच्या सात गाण्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही, तो ऐकून काय म्हणतो ते बघू. पावसाळी ढोलासाठी मात्र मी हायड्रोजनमध्ये सूर खाली करून पाहिला, भद्द आवाज बऱ्यापैकी येतो.

गुरुवारी दुपारी अकरा ते दोन आमच्याकडे कोणी फोन करू नका. आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना आधी जाऊन सांगून यायचं आहे, त्यांची झोपेची वेळ तीच आहे.